लहान मैदानावर, पाहुण्यांच्या बाजूनं

लीड्सला येऊन सहा महिने झालेल्या एका पुणेकराचा प्रश्न आहे. ऑफिसातला सहकारी ब्रॅडफर्ड सिटी या फुटबॉल क्लबाचा कट्टर चाहता. तो म्हणतोय, एकदा आमच्याबरोबर अवे मॅचला चल, म्हणजे दुसऱ्याच्या मैदानावर, आणि तेही एखाद्या लहानशा. तिकीट कुठून काढायचं, जायचं कसं, अंगावर काय घालायचं, बायको शाकाहारी आहे तर ती खाणार काय, आणि आपल्यासारख्यांना तिथं काही त्रास होतो का?

भावा, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे चार तू त्याला सोबत म्हणून जोडलेस असं मला वाटतं.

मी मंगळवार पेठेतला. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ ही फुटबॉल मॅच बघत वाढलो. 2009 पासून ब्रॅडफर्डमध्ये आहे आणि गेली पंधराएक वर्षं सिटीच्या मागं गावोगाव फिरतोय. एवढ्या वर्षांत रंगावरून मला दोनदा ऐकून घ्यावं लागलं. एकदा स्टेशनवर, एकदा मैदानात. मैदानातला माणूस आमच्याच बाजूचा होता, हे मुद्दाम सांगतो. त्याच्या मागच्या पायरीवरच्या दोन बायकांनी त्याला असा काही झापला की स्ट्युअर्ड, म्हणजे मैदानावरची व्यवस्था बघणारा माणूस, येईपर्यंत तो अर्धमेला झाला होता. इंग्लंडमध्ये मैदानात वंशावरून घोषणा देणं हा 1991 च्या कायद्यानं गुन्हा आहे. स्ट्युअर्डला हात करून जागा दाखवायची. तोंडानं सांगायचं नसेल तर ‘किक इट आउट’ या संस्थेच्या ॲपवर कळवता येतं. लहान मैदानाचं एक बरं असतं. तिथं बोलणारा गर्दीत लपत नाही, सगळे एकमेकांना तोंडानं ओळखतात. शिवाय ब्रॅडफर्डच्या बाजूला तू एकटा सावळा नसशील. 2015 पासून ‘बांगला बँटम्स’ नावाचा बांगलादेशी वंशाच्या लोकांचा सिटी समर्थक गट आहे. तेव्हा बायकोला घेऊन बिनधास्त ये. मी माझ्या पोरीला सातव्या वर्षापासून नेतोय. तिच्या कानावर शिव्या पडल्या, ते मात्र खरं.

आता तिकीट. कधीही, कितीही सोपं दिसलं तरी यजमान क्लबाच्या साईटवरून तिकीट काढू नकोस. ते ब्रॅडफर्डच्या खिडकीतून किंवा ब्रॅडफर्डच्या साईटवरूनच घे, म्हणजे पाहुण्यांच्या बाजूचं मिळतं. मी हे शिकलो ते फजिती होऊन. क्लबाचं नाव सांगत नाही, पण दक्षिणेकडचं एक मैदान होतं, आमच्या वाट्याची तिकिटं संपली होती, आणि मी शहाणपणा करून त्यांच्या साईटवरून एक घेतलं. जागा निघाली गोलच्या मागं, त्यांच्या ढोलवाल्यांच्या शेजारी. तासभर तोंडाला कुलूप लावून बसलो. मग आमचा गोल झाला आणि माझे पाय माझं न ऐकता उडाले. शेजारच्या आजोबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, शिवी नाही, काही नाही, नुसती मान हलवली. दोन मिनिटांत स्ट्युअर्ड आला आणि मला मैदानाच्या कडेकडेनं, कॉर्नरच्या झेंड्याला वळसा घालून, आमच्या लोकांत सोडून आला. वाटेत त्यांचा अख्खा स्टँड टाळ्या वाजवत होता. नवरदेवालासुद्धा एवढं वाजतगाजत नेत नाहीत. शिवाजी पेठेच्या पोरांत बसून मी पाटाकडीलच्या गोलला उडी मारली असती तर काय झालं असतं, हा विचार तेव्हाही डोक्यात आला होता.

लीगच्या नियमाप्रमाणं लहान क्लबानं पाहुण्यांसाठी क्षमतेच्या निदान दहा टक्के जागा ठेवायच्या असतात. पाच हजारांचं मैदान असेल तर हिशेब तूच कर. ब्रॅडफर्डच्या मागं लोक पुष्कळ जातात, त्यामुळं तिकिटं पहिल्या दिवशी सीझन तिकीटवाल्यांना, मग उरली तर बाकीच्यांना. सहकाऱ्यालाच काढायला सांग. साधारण वीस ते पंचवीस पौंड धर. हे सगळे पैसे यजमान क्लबाला जातात. 1983 पर्यंत लीगच्या मॅचच्या गल्ल्यातला काही वाटा पाहुण्या क्लबाला मिळायचा, ते बंद झालं. म्हणून लहान क्लबांना आमच्यासारखी मोठी पलटण आलेली आवडते. तोंडावर ते कबूल करत नाहीत.

उदाहरण म्हणून मी ॲक्रिंग्टन धरतो, कारण लहान मैदान म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं तेच येतं. लँकशायरमधलं डोंगरउतारावरचं गाव, एकेकाळी सूतगिरण्या आणि लाल विटांच्या भट्ट्यांचं. क्लबाचं नाव ॲक्रिंग्टन स्टॅनली, मैदान क्राउन ग्राउंड, क्षमता साडेपाच हजारांच्या आतबाहेर. 1888 मध्ये जी जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तिच्या बारा संस्थापक क्लबांत ॲक्रिंग्टनचं नाव आहे. पण तो क्लब वेगळा, तो लवकर बुडाला. मग स्टॅनली आला. त्यानं 1962 च्या मार्चमध्ये, सीझन अर्धवट टाकून, कर्जापायी लीगचा राजीनामा दिला. 1968 मध्ये गावानं नवा क्लब उभा केला, खालच्या पायरीपासून, आणि 2006 मध्ये तो लीगमध्ये परत आला. गंमत अशी की 1962 मध्ये स्टॅनलीची रिकामी जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली होती, आणि 2006 मध्ये स्टॅनली वर आला त्याच वर्षी लीगमधून खाली गेलेल्यांत ऑक्सफर्ड होतं. आपल्याकडं भाऊबंदकीच्या दाव्यात चव्वेचाळीस वर्षांनी निकाल लागतो, तसलाच प्रकार.

लीड्सहून जायला सोपं आहे. यॉर्कहून ब्लॅकपूलला जाणारी गाडी लीड्स, ब्रॅडफर्ड इंटरचेंज, हॅलिफॅक्स, हेब्डन ब्रिज, बर्नली करत थेट ॲक्रिंग्टनला थांबते. दीड तासाच्या आसपास लागतो. हेब्डन ब्रिजनंतर डावी-उजवीकडं पेनाइनचे डोंगर लागतात. पावसाळ्यातला आंबा घाट झाडं काढून टाकल्यावर जसा दिसेल तसे. स्टेशनपासून मैदान मैलभर, व्हॉली (Whalley) रोडनं, थोड्या चढाचं. तिघं किंवा जास्त असाल तर ग्रुपसेव्हनं तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. तुम्ही दोघं आणि सहकारी, झाले की तीन.

शनिवारी तीनची मॅच असेल तरच पहिल्यांदा जा. मंगळवारी रात्रीची मॅच पावणेआठला सुरू होते आणि संपेपर्यंत पावणेदहा वाजतात. मग शेवटच्या गाडीसाठी जी पळापळ होते ती नवशिक्याच्या नशिबी नको. तीनच्या मॅचला एकच्या आत गावात पोच. घरातून निघण्यापूर्वी दोन्ही क्लबांचं पान एकदा उघडून बघ. वरच्या क्लबांच्या हिरवळीखाली गरम पाण्याचे पाईप असतात, खालच्यांकडं बहुतेक नसतात. त्यामुळं डिसेंबर-जानेवारीत सकाळी पंच येतो, गोठलेल्या जमिनीवर बुटाची टाच आपटून बघतो आणि मॅच रद्द करतो. मी एकदा बर्नलीपर्यंत गेलो होतो आणि तिथं हे कळलं. तिकीट पुढच्या तारखेला चालतं, रेल्वेचे पैसे गेले ते गेले.

मैदानावर पाहुण्यांची जागा एका गोलच्या मागं, टेरेसवर. टेरेस म्हणजे आपली गच्ची नव्हे. सिमेंटच्या रुंद पायऱ्या, मधेमधे टेकायला लोखंडी दांड्या, खुर्च्या नाहीत, दोन तास उभं राहायचं. 1989 मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत माणसं गेली (आजचा आकडा 97). त्यानंतर 1990 च्या टेलर चौकशी अहवालामुळं वरच्या दोन डिव्हिजनमधल्या मैदानांना सगळीकडं खुर्च्या बसवाव्या लागल्या. खालच्या दोन डिव्हिजनना टेरेस ठेवायची मुभा राहिली. लहान मैदानांची जी मजा लोक सांगतात ती पुष्कळशी या एका सवलतीत आहे.

पण जुन्या मैदानांबद्दल माझ्यापुढं फार गहिवरून बोलू नकोस. 11 मे 1985 ला आमच्याच व्हॅली परेड मैदानावर, लिंकन सिटीविरुद्धच्या मॅचला, लाकडी स्टँडखाली वर्षानुवर्षं साचलेल्या कचऱ्यानं पेट घेतला. चार-पाच मिनिटांत अख्खा स्टँड गेला, 56 माणसं गेली. मागची बरीच दारं कुलूपबंद होती. ब्रॅडफर्डमध्ये आजही असं घर सापडतं जिथं त्या दिवसाबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून स्ट्युअर्डनं ‘जिन्यात उभं राहू नका’ म्हटलं की मी वाद न घालता सरकतो, आणि तूही सरक. आमच्या पलटणीतली म्हातारी माणसं आधी बाहेर जायचा रस्ता बघून घेतात, मग उभी राहतात. तुला ती सवय विचित्र वाटली तर कारण हे आहे.

ॲक्रिंग्टनच्या पाहुण्यांच्या टेरेसला छप्पर नाही. हे वाक्य पुन्हा वाच. लँकशायरचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. छत्री नेऊ नकोस, मागच्याला दिसत नाही म्हणून ती उघडू देत नाहीत. टोपीचा वॉटरप्रूफ कोट, आत दोन थर, आणि पायात जाड मोजे. थंडी सिमेंटमधून वर चढते. एक जुनी शहाणी माणसं करतात ती युक्ती सांगतो: वर्तमानपत्राची जाड घडी किंवा पुठ्ठा नेतात आणि त्यावर उभं राहतात. पहिल्यांदा बघून मी हसलो होतो. तासाभरानं त्यांच्यातल्या एकाकडं अर्धा पुठ्ठा मागितला.

रंगाचं म्हणशील तर ब्रॅडफर्डचा डाळिंबी आणि पिवळा पट्टा असलेला मफलर चालेल. नुसतं डाळिंबी घालू नकोस. शेजारच्या बर्नलीचाही रंग डाळिंबी आहे आणि ॲक्रिंग्टनच्या एका अंगाला बर्नली, दुसऱ्या अंगाला ब्लॅकबर्न. गावातली निम्मी माणसं यातल्या एकाची नाहीतर दुसऱ्याची. आमच्याशी त्यांचं वैर नाही, पण त्या दोघांचं आपसातलं वैर शंभर वर्षांचं आहे. त्यात तू कशाला सापडतोस? स्टॅनलीचा रंग लाल, तोही टाळ.

आत गेलास की पहिल्या पाच मिनिटांत कळेल की सगळं ऐकू येतंय. मोठ्या मैदानावर एकच सलग गर्जना असते. इथं गोलकीपर आपल्या बचावपटूला काय म्हणतोय, कोचनं चौथ्या पंचाला काय ऐकवलं, बूट बुटावर आपटल्याचा आवाज, सगळं. आणि उलटही खरं, तू जे ओरडशील तेही त्यांना ऐकू जातं. एका पावसाळी मॅचला आमच्यातला एक जाडजूड गडी त्यांच्या कीपरच्या केसांवरून अर्धा तास बोलत होता. चेंडू बाहेर गेला, कीपर तो आणायला जाळीपर्यंत आला, वाकला, चेंडू उचलला आणि शांतपणे म्हणाला, ‘पोटाचं बघ आधी.’ आमची सगळी पायरी फिसकन हसली, तो गडीसुद्धा. उरलेला वेळ त्यानं कीपरचं कौतुक करण्यात घालवला. पलीकडच्या गोलमागं ‘स्टॅनली अल्ट्राज’ ढोल घेऊन असतात. मूठभर पोरं, पण हरत असले तरी ढोल थांबत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत वाढलेल्या माणसाला त्यांचा ताल फार साधा वाटेल. तोंड वाकडं करू नकोस.

गाणी तुला येणार नाहीत. चालतं. दुसऱ्यांदा म्हटलं की येतात, सगळ्या ओळखीच्या चाली असतात, शब्द बदललेले. फक्त जे कळलं नाही ते म्हणू नकोस. मी पहिल्या वर्षी एक ओळ मोठ्या आनंदानं म्हणत होतो, तिचा अर्थ ऑफिसात विचारला तेव्हा बाई लाल झाल्या. आणि मोबाईल खिशात ठेव. गोलच्या वेळी हातात फोन असणाऱ्याला आमच्यात पर्यटक समजतात, आणि धक्काबुक्कीत तो फोन तीन पायऱ्या खाली जातो हे वेगळंच.

शाकाहारी बाईंसाठी जरा सविस्तर सांगतो, कारण इथं गोऱ्या मित्राचा सल्ला उपयोगी पडत नाही. मैदानावरचं खरं खाणं म्हणजे ‘पाय’ (pie), आत सारण भरून भाजलेली, गरमागरम, हातात धरून खायची. मांसाची सोडली तर चीज-कांद्याची बहुतेक ठिकाणी मिळते. लँकशायरमध्ये बटर पाय नावाचा प्रकार आहे, आत फक्त बटाटा, कांदा आणि लोणी. शुक्रवारी मांस न खाणाऱ्या कॅथलिक लोकांसाठी निघालेली, म्हणजे एका परीनं त्यांची उपासाचीच. दिसली तर सोडू नका. असल्या ‘पाय’ बनवणारी मोठी हॉलंड्स कंपनी तर ॲक्रिंग्टनच्या शेजारीच, बॅक्सेंडनला. सोबत मशी पीज घ्या, घट्ट शिजवलेले वाटाणे, आपला रगडा मीठ-मसाला विसरला तर तसा लागेल. खिशात थोडं तिखट-मीठ असू द्या, मी नेतो.

दोन ठिकाणी सांभाळा. मैदानावर लोक पेल्यातून जे काळं वाफाळतं पीत असतात ते चहा किंवा कॉफी असेलच असं नाही. त्यात एक बॉव्हरिल असतं, ते गोमांसाच्या अर्काचं. आणि गावातल्या चिप्सच्या दुकानात तळण कशात आहे ते विचारल्याशिवाय चिप्स घेऊ नका. यॉर्कशायर-लँकशायरमध्ये अजून पुष्कळ ठिकाणी गाईची चरबी वापरतात. विचारलं तर खरं सांगतात, कुणी रागावत नाही.

बिअरचा नियम 1985 च्या कायद्यापासून आहे. जिथून मैदान दिसतं तिथं हातात दारू चालत नाही. बारमध्ये पी, पेला तिथंच ठेव, मग वर ये. मॅचसाठी खास केलेल्या बसमध्ये आणि गाडीतही दारू नेता येत नाही. गावातल्या पबमध्ये शिरण्यापूर्वी दारावरची पाटी बघ. ‘फक्त यजमान समर्थक’ असं लिहिलेलं असेल तर पुढचा पब शोध. नसेल तर आत जा, मफलर लपवायची गरज नाही, आणि काउंटरवर मॅचबद्दल विचार. लँकशायरचा म्हातारा आपला क्लब किती भिकार खेळतोय हे परक्याला सांगायला आतुर असतो. तू मात्र हो ला हो म्हणू नकोस. क्लबाला शिव्या द्यायचा हक्क त्यांचा, आपला नाही.

हाफटाइमला स्वच्छतागृहापुढं रांग लागते. चाळिसाव्या मिनिटाला जाऊन ये. गोल हुकेल ही भीती मला पूर्वी होती, आता गुडघे दुखतात.

हे झालं ॲक्रिंग्टनचं. अडचण अशी की 2025 च्या 3 मे ला, फ्लीटवुडविरुद्ध 96 व्या मिनिटाला सार्सेविचनं गोल केला आणि आम्ही लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेलो, स्टॅनली चौथ्या, लीग टूमध्येच राहिले. त्या दिवशी मी रडलो, आणि रात्री लक्षात आलं की आता ॲक्रिंग्टनला जायचं तर एखाद्या कप स्पर्धेच्या सोडतीतच नाव निघायला हवं. तेव्हा तुझ्या सहकाऱ्याला बर्टन अल्बियन या क्लबाचं मैदान सुचव. लीड्सहून डर्बीला गाडी बदलून जाता येतं. मैदान 2005 चं, सातेक हजारांचं, तीन बाजूंना टेरेस आणि पाहुण्यांच्या टेरेसवर छप्पर, म्हणजे बायकोची पहिली मॅच कोरडी जाईल. 2016 ते 2018 ही दोन वर्षं बर्टन चक्क चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होतं आणि तरीही टेरेस तशाच होत्या, कारण वर गेलेल्या क्लबाला खुर्च्या बसवायला तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपायच्या आत ते खाली आले, प्रश्नच मिटला.

घरून काही करून न्यायचं असेल तर धपाटे किंवा पराठे फॉईलमध्ये बांधून न्या. काचेची बाटली नको, आणि स्टीलचा डबा तर मुळीच नको, टर्नस्टाईलवर, म्हणजे आत शिरायच्या फिरत्या दारावर, अडवतात, फेकायच्या वस्तूंत धरतात. आईनं दिलेला माझा दोन कप्प्यांचा डबा 2014 पासून एका क्लबाच्या ऑफिसात जमा आहे. पावती अजून पाकिटात ठेवलीय.